कोड चार

"कुलूप असेल तर तीन. कुलूप नसेल आणि माणूसही नसेल तर चार."

गलांडे सरांनी फळ्यावर चारचा आकडा काढला आणि त्याला गोल केला. "चार म्हणजे ओस घर. ओस घर हिशेबात धरायचं नाही. नंबर टाकायचा, कोड लिहायचा, पुढं जायचं."

तालुक्याच्या शाळेचा हॉल होता. आम्ही बावीस जण सतरंजीवर बसलेलो, मांडीवर फॉर्मचे गठ्ठे. पुण्याची एक संशोधन संस्था आमच्या तालुक्यात पाहणी करणार होती. किती कुटुंबं पोटासाठी बाहेरगावी जातात, त्यांच्या लेकरांच्या शाळेचं काय होतं, हे घरोघर जाऊन विचारायचं. गलांडे सर आमचे पर्यवेक्षक. मी तेव्हा तेवीस वर्षांची, नवऱ्यानं टाकलेली, दोन खेपेत दहावी काढलेली. वाचायला मात्र काहीही चालायचं, खताच्या पोत्यावरचा मजकूरसुद्धा मी खालपर्यंत वाचायची. तेवढ्यावर हे काम मिळालं होतं.

मी हात वर केला.

"बोला, लोंढे बाई."

"सर, आमच्या वस्तीवर कुलूप लावत नाहीत. बोराटी लावतात."

"काय लावतात?"

"बोराटी. बोरीची काटेरी फांदी. बाहेर जाताना दाराला आडवी लावायची. कुत्रं शिरत नाही, माणूसही समजून जातो. ज्यानं लावली त्यानंच आल्यावर काढायची, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. मग ते घर तीन का चार?"

सरांनी खडू खाली ठेवला. "फांदीला किल्ली असते का, बाई?"

सगळे हसले. मीही हसले. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढं जे झालं त्यात माझं ते हसणंही आहे.

"नसते, सर."

"मग चार. व्याख्या म्हणजे व्याख्या. ज्यानं त्यानं आपल्या गावची पद्धत घुसडली तर पुण्यात बसून आकडे जुळवायचे कसे?" मग सगळ्यांकडं वळून म्हणाले, "आणि खाडाखोड नको. चूक झालीच तर जुना आकडा वाचता येईल अशी एकच रेघ मारायची, शेजारी नवा आकडा, शेजारी सही. गिरवलेला आकडा दिसला की फॉर्म रद्द. ज्याच्या गठ्ठ्यात एकही रेघ नसेल त्याला शेवटी प्रमाणपत्र."

माळवस्ती माझ्याच वाट्याला आली. गावची पोरगी आहे, पत्ते विचारत फिरणार नाही, असं सर म्हणाले.

मार्गशीर्षातली सकाळ होती. वस्तीवर एकाहत्तर घरं. दिवाळी झाली की वीटभट्टीवाल्यांच्या गाड्या येतात आणि बाया, बाप्ये, तान्ही पोरं, कोंबड्या, तवे सगळं भरून नेतात. अक्षयतृतीयेच्या आसपास माणसं परत येतात. शाळेतली पोरं मागं राहतात ती गावातल्या हंगामी वसतिगृहात. शाळेच्याच दोन खोल्या, एक हजेरीचं रजिस्टर आणि पारूमावशी. पोरांचं रांधायचं, त्यांच्या उवा काढायच्या, हजेरी घ्यायची, सगळं तिच्याकडं.

माझ्या एका हातात गेरूचा डबा, दुसऱ्या हातात ब्रश. भिंतीवर नंबर टाकत निघाले. नंबर चौदा, सुदाम कसब्याचं घर. दारापुढचं सारवण अजून फुटलं नव्हतं. बोराटी दाराला, तिच्यावरची पानं नुकती वाळलेली. आत पाणी ओतून पालथी ठेवलेली घागर फटीतून दिसत होती. मी लिहिलं, चार. नंबर पंधरा, त्याच्या चुलत्याचं. चार. सोळा, चार.

बेंडबाजात क्लॅरनेट वाजवणाऱ्या दशरथच्या घरी माणसं होती. त्याची म्हातारी उन्हात बसून लसूण सोलत होती. तिला प्रश्न विचारले. घरातलं कुणी कामाला बाहेर जातं का?

"आमच्यातलं न्हाई जात. वाजंत्र्यावर भागतंय. पन ही आळीच्या आळी भट्टीला गेली की गं. त्ये लिव्ह."

"आजी, फॉर्ममध्ये फक्त तुमच्या घराचं विचारायचंय."

"आणि त्यांचं कोन सांगनार?"

"त्यांच्या घरी गेल्यावर."

म्हातारीनं माझ्याकडं बघितलं, मग पुढच्या घराच्या बोराटीकडं बघितलं आणि लसूण सोलायला लागली.

दुपार कलायच्या आत वस्ती संपली. आठ घरांत माणसं सापडली. ती आठ अशी होती की ज्यांना भट्टीवर जायची गरजच नव्हती. कोतवाल, क्लॅरनेटवाला, गिरणीवाला, अशी. बाकीच्या त्रेसष्ट घरांना मी चार लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे. त्रेसष्ट चार, एकासारखा एक. मला वाटलं, पुढं कुणीतरी शिकलेलं माणूस हे बघेल आणि विचारेल की एका वस्तीत एवढी ओस घरं कशी. शिकलेल्या माणसांवर माझा तेव्हा फार विश्वास होता.

माघ महिना. मी तालुक्याच्या गावी एका खोलीत भाड्यानं राहत होते. सकाळी दार वाजलं. पारूमावशी उभी. घामानं डबडबलेली, हातात पिशवी, पिशवीत ते हजेरीचं रजिस्टर.

"शेवंते, ह्ये काय आलंय ते वाच."

कागद पंचायत समितीच्या शिक्षण विभागाचा होता. मी वाचला. पुन्हा वाचला.

"मोठ्यानं वाच की. मला काय तोंडाकडं बघून कळनार हाय?"

"मावशी, यात लिहिलंय की संस्थेच्या पाहणीनुसार माळवस्तीतून कुणीच बाहेरगावी जात नाही. स्थलांतर शून्य. त्यामुळं वसतिगृहातली एक्केचाळीस मुलं बनावट दाखवलेली दिसतात. एक तारखेपासून वसतिगृह बंद. आणि तुझ्यावर चौकशी."

"बनावट म्हंजी?"

"खोटी."

मावशी खाली बसली. "सकाळी एक्केचाळीस जनांची डोकी इंचरून आले मी. खोटी असती तर उवा कशा सापडल्या असत्या?"

मी तिच्याशेजारी बसले.

"आणि ही पोरं जायची कुठं? भट्टीवरच ना. सातवीतली पोरगी तिथं गेली की वीट थापनार. परत शाळेत येत न्हाई कुनी, तुला काय सांगायचं. तू सवता गेली व्हतीस." तिनं कागदावर बोट ठेवलं. "त्या शहान्यांना कुनी सांगितलं, आपल्या वस्तीतून कुनी जात न्हाई म्हनून?"

"आठ घरांची माहिती आहे त्यांच्याकडं."

"आन बाकीची?"

"बाकीची ओस लिहिलीत."

"ओस." मावशीनं तो शब्द तोंडात घोळवला. "वस्ती फिरून ओस लिव्हनारा आंधळा कोन व्हता?"

"मी होते."

 ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं रजिस्टर पिशवीत घातलं, लुगड्याचा काष्टा नीट केला आणि उठली.

"आगं, मसनवट्यात बी माणसाचं नाव लिव्हतात," एवढं म्हणाली आणि पायऱ्या उतरली.

मी मागं धावले. "मावशी, रजिस्टर दे. दुपारी पंचायत समितीत बैठक आहे. पुण्याच्या मॅडम येणारेत. मला बोलावलंय."

"कशाला?"

"प्रमाणपत्र द्यायला."

मावशी हसली. तसं हसणं मी पुन्हा कुणाचं ऐकलं नाही. "मंग मी बी येते," ती म्हणाली. "टाळ्या वाजवाय."

बैठकीत पंख्याखाली तीन खुर्च्या होत्या. मधे गटशिक्षणाधिकारी बिडवेसाहेब, एका बाजूला गलांडे सर, दुसऱ्या बाजूला संस्थेच्या डॉ. रेगे मॅडम. बारीक, पांढऱ्या केसांच्या, साध्या सुती साडीतल्या. आकड्यांचे तक्ते आधीच पुण्याला गेले होते, मूळ फॉर्मचे गठ्ठे न्यायला त्या आता आल्या होत्या. गठ्ठे बाहेर जीपमध्ये रचलेले होते.

बिडवेसाहेब बोलायला उठले. म्हणाले, आजवर आपण अंदाजानं कारभार केला, आता शास्त्रीय आकडेवारी हातात आली. त्यांनी अहवालाचं पान उघडलं. "उदाहरण सांगतो. माळवस्ती. घरं आठ, स्थलांतर शून्य. आणि तिथल्या वसतिगृहाच्या पटावर एक्केचाळीस मुलं. आकडेवारी नसती तर ही चोरी कळली असती का?"

पारूमावशी दाराशी उभी होती. तिला आत कुणी बसवलं नव्हतं.

मग गलांडे सरांनी माझं नाव पुकारलं. "शेवंता लोंढे. चारशे सहा फॉर्म, एकही खाडाखोड नाही."

टाळ्या झाल्या. मी पुढं गेले. रेगे मॅडमनी प्रमाणपत्र पुढं केलं. मी हात पुढं केला नाही.

"मॅडम, हे मी घेणार नाही. माळवस्तीचे फॉर्म मी भरलेत. वस्तीत घरं आठ नाहीत, एकाहत्तर आहेत. त्रेसष्ट घरांची माणसं भट्टीवर गेलीत आणि मी त्यांना ओस लिहिलंय."

गलांडे सर उठले. "बाई, खाली बसा. हे बोलायची ही जागा नाही."

"सर, फॉर्म भरायला वस्तीवर पाठवलं तेव्हा जागा बरोबर होती. आता बोलायची चुकली?"

"तुम्ही खोटी माहिती लिहिली, असं कबूल करताय?" बिडवेसाहेब म्हणाले.

"तुमच्या व्याख्येनं खरी लिहिली, साहेब. म्हणून तर प्रमाणपत्र देताय."

कुणीतरी खोकलं. रेगे मॅडमनी प्रमाणपत्र टेबलावर पालथं ठेवलं. "ओस का लिहिलंत?"

"दाराला कुलूप नव्हतं. बोराटी होती."

"बोराटी म्हणजे काय?"

मी सांगितलं. त्या ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, "हे प्रशिक्षणात कुणाला सांगितलं होतं?"

"सांगितलं होतं. सरांनी विचारलं, फांदीला किल्ली असते का. सगळे हसले. मीपण."

मॅडम गलांडे सरांकडं वळल्या. सर फाईलची दोरी बांधत होते. बांधलेली सोडली आणि परत बांधली.

"एका बाईच्या भावनेवर शासन चालत नाही," बिडवेसाहेब म्हणाले. "अहवाल छापून झालाय."

"भावना कुठली, साहेब. कोड आहे. फॉर्मच्या पहिल्याच पानावर, उजव्या कोपऱ्यात."

"किती लांब आहे वस्ती?" मॅडमनी मला विचारलं.

"चौदा किलोमीटर."

"गठ्ठे जीपमध्येच आहेत. चला."

बिडवेसाहेबही निघाले, त्यांच्या गाडीतून. त्यांना पोरं पकडायची होती. एक्केचाळीस पोरं कुठून गोळा केलीत, ते तिथंच उघडं पाडतो म्हणाले. त्यांनी पारूमावशीला रस्ताभर एक शब्द बोलू दिला नाही, आपल्याच गाडीत पुढं बसवलं. तिनं पोरांना पढवू नये म्हणून. मावशी जन्मात पहिल्यांदा मोटारीच्या पुढच्या सीटवर बसली ती अशी, संशयित म्हणून.

शाळेत पोचलो तेव्हा पोरं पाटीपेन्सिल घेऊन बसलेली. साहेबांनी सगळ्यांना रांगेनं वस्तीवर आणवलं, एक किलोमीटर चालवत. वस्तीच्या तोंडाशी उभं केलं. मावशीला मागं थांबवलं.

"बाईंनी गप्प उभं राहायचं. कुणी खूण करायची नाही. पोरांनो, आपापल्या घरी जा आणि दारात उभे राहा. बघू कुणाला घर सापडतं."

मावशीनं पदर तोंडाला लावला. "लेकरास्नी घरला जा म्हनून सांगायला आता साहेब लागतोय," ती माझ्या कानाशी म्हणाली.

पोरं पळाली.

तीन महिन्यांनी घरी जायला मिळत होतं. एकही पोर थबकलं नाही, एकानंही मागं वळून बघितलं नाही. धूळ खाली बसली तेव्हा सव्वीस दारांपुढं पोरं उभी होती, कुठं एक, कुठं तीन. पण कुणी आत गेलं नाही. बोराटीला कुणी हात लावला नाही. चौदा नंबरच्या दारात सुदाम कसब्याची धाकटी होती, दुसरीतली. तिच्या दाराची फांदी वाऱ्यानं एका बाजूला कलली होती. तिनं पायानंच ती हळू सरळ केली आणि परत ताठ उभी राहिली.

मॅडमच्या हातात फॉर्मचा गठ्ठा, माझ्या हातात हजेरीचं रजिस्टर. त्या भिंतीवरचा गेरूचा नंबर वाचत, मी पोराचं नाव वाचत होते.

"चौदा."

"कसबे. राणी सुदाम."

"फॉर्मवर चार."

"हो."

"एकोणीस."

"तेलंगे. तीन भावंडं."

"चार."

"हो, मॅडम. चार."

असे आम्ही सव्वीस दारांना गेलो. एक्केचाळीस पोरं, एक्केचाळीस नावं. मॅडमचा आवाज बारीक होत गेला. गलांडे सर जीपपाशीच उभे होते. बिडवेसाहेब मात्र आमच्या मागं मागं चालत होते आणि बोटांवर घरं मोजत होते.

"ठीक आहे," ते शेवटी म्हणाले. "सव्वीस घरं झाली. बाकीच्या सदतीस घरांपुढं कोण उभं आहे? कुणी नाही. म्हणजे ती तरी ओस आहेत. अहवाल निम्म्याहून जास्त बरोबरच आहे." त्यांनी समोरच्या घराकडं बोट केलं. "हे बघा. सत्तावीस नंबर. आहे का कुणाचं पोर इथं?"

"नाही," मी म्हणाले.

"मग?"

"पोर नाही म्हणून घर ओस होत नाही, साहेब."

"कशावरून या घरात कुणी राहतं?"

मी रजिस्टर मागून आलेल्या मावशीच्या हातात दिलं आणि सत्तावीस नंबरच्या दाराशी गेले. बोराटी घट्ट बसवलेली होती. लावणारीचा हात मला माहीत होता. ती बुडखा चौकटीच्या डावीकडं खुपसते आणि शेंडा कडीत अडकवते, म्हणजे वारा कितीही सुटला तरी फांदी हलत नाही. गाडीत चढताना तिनं मला बजावलं होतं, मी आल्याबिगर काढू नको. मी फांदीला हात घातला.

"शेवंते," मावशी मागून म्हणाली. "नको. तुझी आई यिऊ दे."

मी फांदी ओढली. तळहातात काटे शिरले. दार लोटलं. आत चूल पांढऱ्या मातीनं पोतारलेली होती. उतरंडीवर झाकण, झाकणावर दगड. खुंटीला आईचं जुनं लुगडं, आणि कोनाड्यात माझी दहावीची पुस्तकं, दोन्ही खेपेची, सुतळीनं बांधलेली. मी उंबऱ्याच्या आत उभी राहिले आणि बाहेर तोंड केलं.

"हे माझं घर आहे," मी म्हणाले. "डिसेंबरात इथं मीच आले होते. भिंतीवरचा नंबर माझ्या हातचा आहे आणि फॉर्मवरचा चारही. स्वतःच्या दारात उभं राहून मी लिहिलं की इथं कुणी राहत नाही."

बिडवेसाहेबांनी दुसरीकडं बघितलं. रेगे मॅडमनी गठ्ठ्यातून फॉर्म काढला.  त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि त्या चारवर गिचमिड करायला लागणार, एवढ्यात मी त्यांचा हात धरला. पुण्याच्या डॉक्टर बाईचा हात. आज आठवलं तरी नवल वाटतं.

"तसं नाही, मॅडम. फॉर्म रद्द होईल. जुना आकडा वाचता आला पाहिजे."

पेन मी घेतलं. चारवर एकच रेघ मारली. शेजारी एक लिहिला. एक म्हणजे माणूस हजर. शेजारी सही केली. तळहाताचं रक्त कागदाला लागलं, ते पुसलं नाही.

"आता उरलेले बासष्ट द्या," मी म्हणाले. "त्यांना तीन लिहायचंय. बंद. माणसं येणार आहेत."

तिथंच उंबऱ्यावर बसून मी बासष्ट रेघा मारल्या आणि बासष्ट सह्या केल्या. मॅडम एकेक फॉर्म देत होत्या आणि माझ्या सहीखाली आपली सही करत होत्या. पोरं आपापल्या दारात उभीच होती, त्यांना परत जा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. शेवटी मावशीनंच हाक मारली, चला, पिठलं गार होतंय.

वसतिगृह एक तारखेला बंद झालं नाही. बिडवेसाहेबांनी चौकशीचा कागद मागं घेतला, तोही दुसऱ्या कसल्या तरी कारणाखाली. अहवालाचं ते पान बदललं गेलं. मला पुन्हा कुठल्या पाहणीला बोलावलं नाही, कारण माझ्या गठ्ठ्यात त्रेसष्ट खाडाखोडी होत्या. आई अक्षयतृतीयेला आली. दाराला बोराटी नाही बघून तिनं मला विचारलं. मी सगळं सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि बरोबर केलं तिनं.

मागच्या वर्षी पुण्याला गेले होते. ते फॉर्म त्या संस्थेत अजून आहेत, कपाटात. मी मागून घेतले आणि सत्तावीस नंबर काढून बघितला. कागद पिवळा पडलाय, रक्ताचा डाग तपकिरी झालाय. रेघेखालचा चार स्वच्छ वाचता येतो. तिथल्या पोरानं विचारलं, बाई, स्कॅन करताना हे खोडलेलं काढून टाकू का?

मी म्हणाले, हात लावायचा नाही.